एलिगन्सकडे हजारावर, ब्रुगियाकडे मूठभर: गोलकृमींची जनुककुटुंबं वाढतात कशी आणि आटतात कशी

प्रश्न असा आला आहे: "सर, मी बडोद्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रोजेक्टसाठी गोलकृमींच्या रसायनग्राही जनुकांची यादी काढली. सी. एलिगन्समध्ये ती हजाराच्या वर भरली. हत्तीरोगाच्या गटातल्या ब्रुगिया मलायीमध्ये जेमतेम काही डझन. दोन्ही गोलकृमीच. मग एकाकडे इतकी आली कुठून आणि दुसऱ्याची गेली कुठे? की माझी मोजणीच चुकली?"

मोजणी थोडीफार चुकली असणार, त्याकडे शेवटी येतो. पण तुला दिसलेला फरक खरा आहे. (तुला 'तू' म्हणतो. इतकी वर्षं वर्गात उभा राहिल्यावर विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

आधी त्या हजाराचं वजन लक्षात घे. (रसायनग्राही म्हणजे बाहेरची रसायनं पकडून ओळखणारं प्रथिन, आणि एकाच पूर्वजाच्या नकलांतून वाढलेल्या जनुकांचा गट म्हणजे जनुककुटुंब.) सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा कृमी मिलिमीटरभर लांब. प्रौढ उभयलिंगी कृमीत कायिक पेशी ९५९, त्यांपैकी चेतापेशी ३०२. त्याच्या जनुकसंचाचं वाचन डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुपेशीय प्राण्यांमध्ये तो मान त्याचा पहिला. डीएनएची अक्षरं सुमारे दहा कोटी आणि प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण माणसाइतकीच. त्या वीस हजारांतली सुमारे तेराशे केवळ रसायनं ओळखण्याच्या कामाला जुंपलेली. शिवाय त्याच कुटुंबांतली चारएकशे जनुकं मेलेली, म्हणजे जागेवर आहेत पण वाचता येत नाहीत. माणसाकडे वासाची चालू जनुकं आहेत चारशेच्या आसपास. तीनशे दोन चेतापेशींचा प्राणी वासाच्या बाबतीत आपल्या तिप्पट श्रीमंत! त्याला डोळे नाहीत, आणि राहतो कुजक्या फळांत. कुठल्या जिवाणूंवर पोट भरायचं आणि कुठल्या जिवाणूंपासून पळायचं, हे सगळं त्याला नाकानेच ठरवावं लागतं. खंडेराव मार्केटमधून आणलेली पपई चार दिवस विसरून कुजू दे, तिचा एक तुकडा आगर प्लेटवर ठेव आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघ. वळवळणारं काहीतरी बहुधा मिळेलच.

पण 'गरज होती म्हणून जनुकं वाढली' हे उत्तर वर्गात देऊ नकोस. परीक्षक मी असतो तर अर्धे गुण कापले असते. गरजेमुळे जनुक जन्माला येत नाही. जन्म नकलेच्या चुकीतून होतो. गरजेचा संबंध येतो तो पुढे, ती नक्कल टिकते की मरते या टप्प्यावर. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यास, तर बाकीचं सगळं सोपं आहे.

जन्म कसा होतो ते बघ. पृष्ठवंशी प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये अख्खा जनुकसंच दोनदा दुप्पट झाला, हे तू शिकली आहेस. गोलकृमींत एलिगन्सच्या वंशाला तसं काही घडल्याची खूण नाही. तिथला कारभार किरकोळीचा: एक जनुक, अर्धं जनुक, फार तर शेजारची दोन-तीन. अर्धसूत्री विभाजनात जोडीची गुणसूत्रं शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. एकसारखी दिसणारी दोन जनुकं एकाला लागून एक असली, की या गुणसूत्रावरचं पहिलं त्या गुणसूत्रावरच्या दुसऱ्यासमोर येऊन बसतं. अदलाबदल झाली की एका गुणसूत्रावर तीन होतात आणि दुसऱ्यावर एकच उरतं.

इथे दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, ज्याच्या घरी आधीच दोन आहेत, त्याच्याकडे तिसरं येण्याची शक्यता जास्त. कुटुंब मोठं झालं की ते मोठं आहे एवढ्याच कारणाने आणखी वाढू शकतं. दुसरी, तोच सुरा उलटही चालतो. तीन ज्या चुकीने झाली, त्याच चुकीने एक उरलं. म्हणून तुझी 'हजाराच्या वर' ही संख्या म्हणजे नळ चालू आणि मोरीही उघडी असलेल्या हौदातल्या पाण्याची आजची पातळी. अभ्यासकांनी या प्रकाराला 'जन्म-मृत्यू उत्क्रांती' असं नाव दिलं आहे आणि ते चपखल आहे.

तुझी यादी गुणसूत्रांवर मांडून बघितलीस का? नसेल तर आजच मांड. एलिगन्सची गुणसूत्रं सहा, पाच कायिक आणि एक एक्स. रसायनग्राही जनुकांची सगळ्यात मोठी गर्दी पाचव्या गुणसूत्रावर दिसेल, आणि तीही बव्हंशी टोकांकडच्या भुजांवर. मधल्या भागात यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे असलेली जुनी, घरंदाज जनुकं. भुजांवर अदलाबदल जास्त होते, मध्ये कमी. वेगाने बदलणारी कुटुंबं भुजांवर सापडतात ती यामुळे. प्रोजेक्टमध्ये हे एक चित्र टाकलंस, तरी दहा पानांचा मजकूर वाचेल.

आणखी एक बारकावा. कृमींतल्या ताज्या नकला बऱ्याचदा अपुऱ्या असतात. जनुकाचा पुढचा भाग उचलला जातो, शेपूट राहून जाते, आणि उचललेला तुकडा दुसऱ्याच जनुकाच्या तुकड्याला जाऊन चिकटतो. अशा ठिगळांपैकी बहुतेक निकामी ठरतात. क्वचित एखाद्यातून नव्या घडणीचं प्रथिन निघतं.

आता नक्कल जन्माला आल्यानंतरची गोष्ट. सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये मांडलेला विचार पाठ्यपुस्तकांत आहे: एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी होते आणि नवं काम शिकते. (त्याचं बीज १९३० च्या दशकात हाल्डेन यांच्या लिखाणात होतं. हे तेच हाल्डेन, जे पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९९९ मध्ये आणखी एक मार्ग सुचवला गेला, तो आपल्या लोकांना सांगावाच लागत नाही: वाटणी. मूळ जनुक दोन ठिकाणी काम करत होतं. नक्कल झाल्यावर एका प्रतीचं इथलं बटण बिघडलं, दुसरीचं तिथलं. आता दोघींपैकी एकीलाही काढता येत नाही, कारण दोघी मिळून पूर्वीचंच काम करताहेत. नवं काही शिकण्याची गरजच पडली नाही.

माझं मत विचारशील तर 'नवं काम' या कथेचा फार गाजावाजा होतो. कृमींत बहुतेक नकला मरतात. आपण जगलेल्यांच्या कहाण्या लिहितो, म्हणून जगणं हा नियम वाटायला लागतो. ती चारशे मेलेली जनुकं यादीतून गाळून टाकू नकोस. वेगळ्या रंगात ठेव. कुठल्या कुटुंबात मृत्यू जास्त आहेत यावरून त्या कुटुंबाचा वेग कळतो. आणि मेलेलं म्हणजे सगळीकडेच मेलेलं, असंही समजू नकोस. आपण ज्याला प्रमाण मानतो तो एन-टू हा वाण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आणि वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढलेला. त्याच्यात एका अक्षराच्या चुकीने बंद पडलेली काही ग्राही जनुकं इतर रानटी वाणांत धडधाकट सापडली आहेत. म्हणजे तू मोजते आहेस ती जातीची संपत्ती नाही, एका घराची आहे.

या कुटुंबातलं सगळ्यात गाजलेलं जनुक ओडीआर-१०. १९९६ मध्ये कळलं की ते डायअसिटिल ओळखतं. डायअसिटिल म्हणजे लोण्याच्या खमंग वासातला मुख्य घटक, दुधात विरजण लागतं तेव्हा काही जिवाणू तो बनवतात. कृमी त्या वासाकडे धावतो. ओडीआर-१० असतं एडब्ल्यूए नावाच्या चेतापेशींच्या जोडीत. संशोधकांनी ते एडब्ल्यूबी या जोडीत बसवून पाहिलं, तर तोच कृमी त्याच वासापासून पळू लागला. ग्राही तेच, वास तोच, पण पेशी बदलली आणि अर्थ उलटा झाला. सस्तन प्राण्यांच्या नाकात साधारणपणे एका पेशीत एकच ग्राही असतं. कृमीत पेशीच इतक्या थोड्या, की एकेकीत अनेक ग्राही दाटीवाटीने राहतात. त्यामुळे नव्या नकलेला नवा वास शिकावाच लागतो असं नाही. ती कुठल्या पेशीत चालू होते, एवढं बदललं तरी प्राण्याचं वागणं बदलतं. 'विविधता' म्हणताना आपण प्रथिनाची अक्षरं मोजत बसतो. चालू-बंद करणाऱ्या भागातले बदल मात्र नजरेतून सुटतात.

आता माझं आवडतं उदाहरण. मी ते वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. कृमींची गर्दी झाली आणि अन्न संपत आलं की पिल्लं नेहमीच्या मार्गाने न वाढता 'डॉवर' या टिकाऊ अवस्थेत जातात. गर्दीची खबर त्यांना अंगातून झिरपणाऱ्या रसायनांवरून लागते. प्रयोगशाळांमध्ये एलिगन्सचे काही वाण पातळ माध्यमात दाट गर्दीत वर्षानुवर्षं वाढवले गेले. तिथे डॉवरमध्ये जाणं म्हणजे शर्यत सोडून झोपणं. अशा दोन वेगवेगळ्या वाणांनी ती खबर ऐकणंच सोडून दिलं, आणि दोन्हींत एकाच ठिकाणचा डीएनए गळालेला निघाला. तिथे शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन जुळ्या प्रती होत्या, एसआरजी-३६ आणि एसआरजी-३७. दोघी तेच रसायन ओळखत. एक गेली असती तर दुसरीने भागवलं असतं. त्या लागून होत्या, म्हणून एका घावात दोन्ही गेल्या. त्याहून मजेची गोष्ट पुढे. सीनोऱ्हॅब्डायटिस ब्रिग्सी या वेगळ्या जातीचा एक वाणही प्रयोगशाळेत असाच वाढवलेला होता. त्यानेही याच कुटुंबातलं जनुक गमावलं. हे सगळं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. परिस्थिती तीच असेल तर तोट्याची वाटही तीच निघते, आणि त्यासाठी काही दशकं पुरतात. तू एलिगन्स आणि ब्रुगिया यांच्यातलं कोट्यवधी वर्षांचं अंतर बघते आहेस. तिथे हाच खेळ किती वेळा झाला असेल!

ब्रिग्सीचं नाव निघालंच आहे तर आपल्याकडची एक गोष्ट. ब्रिग्सीचा जो वाण जगभर प्रमाण मानतात आणि ज्याचा जनुकसंच २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो एएफ-१६ अहमदाबादच्या मातीतून वेगळा केलेला आहे. बडोद्याहून गाडीने दोन तास. आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे ऐकवत असे. त्यात आमचं कर्तृत्व शून्य, पण शेजाऱ्याच्या मुलाचा नंबर आला की आपणही पेढे वाटतोच ना!

ब्रिग्सीकडून शिकण्यासारखं बरंच आहे. एलिगन्सप्रमाणे तोही उभयलिंगी, म्हणजे बहुतेक कृमी स्वतःच्याच शुक्रपेशींनी अंडी फळवतात आणि नर क्वचित. त्याचा अगदी जवळचा भाऊ सी. निगोनी मात्र नर-मादी पद्धतीचा. निगोनीचा जनुकसंच भरतो सुमारे १३ कोटी अक्षरांचा, ब्रिग्सीचा ११ कोटींच्या आत. मधली दोनेक कोटी अक्षरं आणि त्यांच्यासोबत हजारो जनुकं ब्रिग्सीने टाकून दिली. २०१८ मध्ये दाखवलं गेलं, की गेलेल्यांत नरांत चालणाऱ्या जनुकांचं प्रमाण मोठं आहे. त्यातलं एक कुटुंब एमएसएस. ही छोटी प्रथिनं शुक्रपेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि दुसऱ्या नराच्या शुक्रपेशींशी होणाऱ्या चढाओढीत उपयोगी पडतात. नरच विरळ झाले, चढाओढ संपली, कुटुंब निर्वंश झालं. संशोधकांनी ते जनुक ब्रिग्सीच्या नरांत परत घातलं, तर त्यांच्या शुक्रपेशी चढाओढीत पुन्हा सरस ठरल्या. म्हणजे जनुककुटुंबाचा आकार फक्त काय खातो आणि कुठे राहतो यावर ठरत नाही. सोयरीक कशी जुळते, यावरही ठरतो.

इतर मोठी कुटुंबं थोडक्यात सांगतो, कारण तुझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही. केंद्रकग्राही (संप्रेरकांसारख्या रेणूंच्या इशाऱ्यावर इतर जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं): एलिगन्समध्ये २८४, माणसात ४८. यांतली बहुसंख्य एचएनएफ-४ या एकाच पूर्वजाच्या नकलांतून फुटली आहेत. बाहेरच्या त्वचेची कोलाजेन: दीडशेच्या वर. एफ-बॉक्स: शेकड्यांनी. ही प्रथिनं पेशीतल्या नको असलेल्या प्रथिनांवर 'मोडीत काढा' असा शिक्का मारण्याच्या कामात असतात. त्यांचा जो भाग सावज पकडतो तोच वेगाने बदलतो, यावरून शत्रूशी झुंज चालू असावी असा तर्क आहे. मला तो पटतो. आणि उलट्या टोकाला हॉक्स जनुकं (शरीराचा डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आराखडा ठरवणारी): गोलकृमींच्या वंशाने त्यांतली कित्येक गमावली, एलिगन्सकडे सहाच उरली. तीही विखुरलेली.

आता तुझी ब्रुगिया. तिचा जनुकसंच २००७ मध्ये आला. तिचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. डासाच्या पोटात, मग माणसाच्या लसिकावाहिन्यांत, तिथून पिल्लं रक्तात, तिथून पुन्हा डासाच्या सोंडेतून वर. मातीत सरपटत अन्न शोधणं या आयुष्यात कुठेच नाही. वाहन दारात येतं. अशा प्राण्यात एखादं ग्राही जनुक बिघडलं तर त्याला काही फरक पडत नाही, म्हणून नैसर्गिक निवड त्या बिघाडाला अडवत नाही. वर सांगितलेली मोरी उघडीच असते, नळ मात्र पुरा पडत नाही. परजीवींची आपसांत तुलना केली की हेच दिसतं. अंकुशकृमी, स्ट्राँगिलॉइडिस यांची पिल्लं मातीत हिंडतात आणि यजमान शोधतात, त्यांच्याकडे ग्राही बऱ्यापैकी आहेत. मांसातून पसरणारा ट्रिचिनेला कधी मोकळ्या हवेत येतच नाही, त्याच्याकडेही फार थोडी. सी. इनोपिनाटा तर परजीवी नाहीच. तो एलिगन्सचा सख्खा भाऊ, ओकिनावात अंजिराच्या जातीच्या फळात राहतो आणि चिलटासारख्या कीटकाच्या अंगावर बसून एका फळातून दुसऱ्यात जातो. त्याचीही ग्राही कुटुंबं आटलेली आहेत. उंबर फोडलं की केंबरं उडतात ना, साधारण तसलाच संसार. बंद घर आणि ठरलेलं वाहन असलं की नाक झडतं. 'परजीवी झाला म्हणून जनुकं गेली' असं सरसकट लिहू नकोस. 'शोधाशोध संपली म्हणून गेली' असं लिही.

आणि परजीवी म्हणजे फक्त तोटा, असंही नाही. २०१६ मध्ये स्ट्राँगिलॉइडिसच्या चार जाती, एक परजीवी नातलग आणि एक मुक्त जगणारा नातलग यांची तुलना झाली. परजीवींत दोन कुटुंबं फुगलेली दिसली, अ‍ॅस्टॅसिन नावाची प्रथिनं तोडणारी विकरं आणि एससीपी-टॅप्स हे स्रवणारं प्रथिनकुटुंब. त्यांची जनुकं गुणसूत्रांवर घोळक्याने बसलेली आहेत. पुन्हा तेच शेजारीशेजारी. एकाच प्राण्यात एक कुटुंब आटतं आणि दुसरं फुगतं. तू फक्त ग्राही मोजलीस म्हणून तुला ब्रुगिया दरिद्री दिसली.

आतापर्यंत घरात जन्मलेल्यांबद्दल बोललो. दत्तक आलेलेही असतात. बडोदेकरांना दत्तकाची थोरवी सांगायला नको. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक आला, म्हणून तर सयाजीराव मिळाले. झाडांच्या मुळांत राहणाऱ्या सूत्रकृमींत (कृषीवाले गोलकृमींना सूत्रकृमी म्हणतात, प्राणी तेच) १९९८ मध्ये सेल्युलोज तोडणारी विकरं सापडली. प्राण्यांच्या स्वतःच्या जनुकांत अशी विकरं त्याआधी अपेक्षितच नव्हती. त्या जनुकांची नाती जिवाणूंशी लागतात. म्हणजे कुठल्या तरी पूर्वजाने ती जिवाणूंकडून घेतली. आणि घरात आल्यावर त्यांचा वंश वाढला. मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटाचा जनुकसंच २००८ मध्ये आला. त्यात वनस्पतींच्या पेशीभित्ती तोडणाऱ्या विकरांची साठाहून अधिक जनुकं निघाली. बाहेरून आलेली थोडी, पुढे नकलांनी वाढलेली पुष्कळ. पाइनवृक्ष मारणाऱ्या बर्साफेलेंकसने तर सेल्युलोज तोडणारं जनुक बुरशीकडून घेतलं. काम तेच, माहेर वेगळं.

मुळांवर गाठी आणणारा हा कृमी मी खेडा-आणंदकडच्या चरोतरात पहिल्यांदा बघितला. बिडी तंबाखूच्या रोपवाटिकेत रोपं पिवळी पडलेली आणि मुळांवर मण्यांच्या माळा. शेतकरी वाफ्यावर पालापाचोळा पेटवून जमीन भाजत होता. कोकणात भातासाठी राब भाजतात, तसंच. हे भाजणं इथे मुख्यतः या कृमींसाठी. त्याला मी मुळातली मादी भिंगाखाली दाखवली, मोत्यासारखी गोल आणि पांढरी. तो म्हणाला, "साहेब, हा किडा कुठाय, हे तर बी आहे." त्या 'बी'च्या पूर्वजांनी जिवाणूंची हत्यारं घेतली नसती, तर मुळात शिरणं तिला जमलं असतं का, हा विचार तेव्हा मला सुचला नव्हता. १९९८ यायचं होतं.

औषधांचा मुद्दा तू विचारला नाहीस, पण तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारणारच, तेव्हा तयार राहा. १० फेब्रुवारीला शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती कृमीच्या बीटा-ट्युब्युलिनवर, म्हणजे पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या एका प्रथिनावर बसते. एलिगन्सकडे बीटा-ट्युब्युलिनची सहा जनुकं आहेत. त्यातलं बेन-१ मोडलं की या औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि बाकीची भावंडं काम ओढून नेतात. घर मोठं असल्याचा फायदा. मेंढ्यांच्या पोटातल्या हिमॉन्कसमध्ये प्रतिकार बहुधा अख्खं जनुक मोडून येत नाही, एकेक अमिनो आम्ल बदलून येतो. २०० व्या जागचा बदल त्यांत सगळ्यात प्रसिद्ध. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या कृमिनाशकाची गोष्ट उलटी. एलिगन्समध्ये त्याचं लक्ष्य असलेली ग्लुटामेट-क्लोराइड वाहिनीची तीन जनुकं एकदम बिघडल्याशिवाय मोठा प्रतिकार येत नाही. दोन बिघडून फारसं साधत नाही. इथे भावंडं जास्त असणं कृमीच्या मुळावर येतं. आणि लेव्हामिसोल या तिसऱ्या कृमिनाशकाच्या ग्राहीतलं यूएनसी-२९ हे जनुक एलिगन्सकडे एक, हिमॉन्कसकडे चार. म्हणून एलिगन्सवर तपासलेलं औषध हिमॉन्कसवर तसंच चालेल असं गृहीत धरू नये. आधी कुटुंबाची यादी बघावी.

आता तुझ्या मोजणीकडे.

सगळ्यात आधी, तू शोध घेतलास तो एलिगन्सची जनुकं हातात धरून. एलिगन्ससारखी दिसतात ती सापडणार, दूर गेलेली निसटणार. ब्रुगियाची जी काही डझन मिळाली त्यांच्यावरून नवा नमुना बनव, हमर (अशा नमुन्यावरून दूरची नाती शोधणारी संगणकप्रणाली) चालव आणि ब्रुगियात पुन्हा शोध. त्यात आणखी सापडली तर त्यांच्यावरून तिसऱ्यांदा. आकडा थांबेपर्यंत. तरीही तो हजारांत जाणार नाही, पण तुझ्या आजच्या आकड्याहून वर गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरं, जनुकसंच जोडलेला किती चांगला आहे ते तपास. एकसारख्या शेजारी प्रती तुकडे जोडताना एकमेकींवर चढून एकच दिसतात. उलट नर-मादी पद्धतीच्या जातींत आईकडची आणि बापाकडची प्रत इतकी वेगळी असते, की एकाच जनुकाची दोन म्हणून नोंद होते. या दुसऱ्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. एका जातीत एक कुटुंब दुप्पट झालंय म्हणून दोन महिने आनंदात होतो. विद्यार्थ्यांना पार्टीही दिली. मग एकाने बुस्को ही जनुकसंचाची प्रत तपासणारी प्रणाली चालवली, तर जी जनुकं प्रत्येक प्राण्यात एकेकच असायला हवीत, तीही निम्मी दुप्पट निघाली. पार्टीचे पैसे कुणी परत देत नाही. तू बुस्कोमधला 'दुहेरी'चा आकडा पहिल्याच दिवशी बघ.

तिसरं, दत्तकाचा दावा करायचा असेल तर फार जपून. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यामध्ये सहावा हिस्सा जनुकं परकी असल्याचं छापून आलं, आणि लगेचच दुसऱ्या गटाने दाखवलं की त्यांतली बहुतेक नमुन्यात शिरलेल्या जिवाणूंची होती. सेल्युलोजच्या विकरांवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण त्या जनुकांत प्राण्यांसारखे इंट्रॉन (प्रथिन घडवताना गाळले जाणारे मधले तुकडे) होते आणि ती कृमीच्या स्वतःच्या अन्ननलिकेच्या ग्रंथींत चालू असल्याचं दाखवता आलं.

चौथं, अ‍ॅस्कॅरिस (आतड्यातला मोठा जंत) यादीत घेणार असशील तर डीएनए कुठल्या ऊतीचा ते वाच. १८८७ मध्ये बोव्हेरी यांनी घोड्याच्या अ‍ॅस्कॅरिसमध्ये पाहिलं, की भ्रूण वाढताना कायिक पेशी गुणसूत्रांचे तुकडे टाकून देतात आणि पूर्ण संच फक्त जननपेशींत राहतो. डुकराच्या अ‍ॅस्कॅरिसमध्ये अशी शेकडो जनुकं जातात. आतड्याच्या डीएनएवरून मोजलंस तर ती 'हरवलेली' दिसतील, आणि तू त्यावर उत्क्रांतीचा निबंध लिहून मोकळी होशील.

आणि शेवटचं: संख्यांचा तक्ता करून थांबू नकोस, जनुकांच्या वंशावळीचं झाड काढ. एलिगन्सची तेराशे पानं बहुतांश एकाच फांदीवर झुपक्याने आली, तर ती अलीकडे वाढलेली. ब्रुगियाची पानं जुन्या, वेगवेगळ्या फांद्यांवर एकेकटी बसली, तर तिच्याकडे उरली आहेत ती अशी ग्राही, जी गमावणं बहुधा तिलाही परवडलं नाही. मात्र एक लक्षात ठेव: शेजारची भावंडं कधीकधी एकमेकांची अक्षरं उचलून स्वतःवर उतरवतात. त्यामुळे जुनी जुळीही झाडावर ताजी दिसतात. दोन जातींत घोळका त्याच जागी असेल, दोन्हीकडे शेजारची जनुकंही तीच असतील आणि तरी झाड 'ताजं' म्हणत असेल, तर झाडाचं ऐकू नकोस. यासाठी मधली एखादी जात हवी. स्ट्राँगिलॉइडिस किंवा अंकुशकृमी घे, एकट्या ब्रुगियावरून गळती कुठल्या टप्प्यावर झाली ते ठरवता येणार नाही. वर्मबेसची (गोलकृमींच्या जनुकांच्या माहितीसाठ्याची) कुठली आवृत्ती वापरलीस तेही लिहून ठेव, यादी दर आवृत्तीला थोडी हलते.

झाड तयार झालं की ब्रुगियाची पानं कुठल्या फांद्यांवर बसली तेवढं कळव. त्यांतली एखादी एसआरजीच्या फांदीवर निघाली, तर ती आधी उघडून बघू.